देवभात ओळखावा कसा, गोळा करावा कधी आणि खाचराबाहेर ठेवावा कसा

आश्विनात रस्त्याकडेच्या चरात, तळ्याच्या उथळ काठाला, नाहीतर पडीक खाचरात कुणी न पेरलेलं भात उभं दिसतं. हातभर उंच रोपं, लांब कुसळं, काळपट होत जाणारी साळ, आणि कापायला जावं तर लोंबी रिकामी. हा देवभात. विदर्भातल्या तलावांच्या जिल्ह्यांत त्याला देवधान म्हणतात, छत्तीसगढात पसहर, उत्तर प्रदेशात तिन्नी. संस्कृतातला नीवार तो हाच. शर्मा आणि शास्त्री यांनी १९६५ साली या वर्षायू, म्हणजे एका हंगामातच जगून मरणाऱ्या, रानभाताला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा तोच शब्द उचलून ‘ओरायझा निवारा’ असं केलं.

या गवताबद्दल दोन तऱ्हेचे लोक विचारतात. एकाला तो ऋषिपंचमीसाठी, बियाण्यासाठी किंवा अभ्यासासाठी हवा असतो. दुसऱ्याच्या खाचरात तो शिरलेला असतो आणि कसाही करून जायला हवा असतो. दोघांनाही मी एकच गोष्ट आधी सांगतो: याचा दाणा पिकला की झडतो, तो कापणीसाठी थांबत नाही. तेव्हा काम कोणतंही असो, झड सुरू व्हायच्या आत तुम्ही तिथं असायला हवं. उशीर झाला तर गोळा करणाऱ्याच्या हाती कुसळं येतात आणि शेतकऱ्याच्या वाट्याला पुढच्या काही वर्षांचं तण.

जागा आणि हंगाम

देवभाताला पाणी हवं, पण कायमचं नको. जून-जुलैत भरणारी आणि डिसेंबर-जानेवारीत कोरडी पडणारी जागा त्याला मानवते. पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, फार तर थोडं वर. तळ्याच्या मधोमध शोधू नका. काठाचा जो पट्टा दरवर्षी बुडतो आणि दरवर्षी उघडा पडतो, तिथं शोधा. कोकणात खाचरांच्या खालच्या अंगाचे चर, सड्यावरचे पाणथळ खळगे आणि भरावासाठी माती काढून झालेले रस्त्याकडेचे खड्डे बघावेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात माजी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळातले गावतलाव) आणि शेतातल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी. तलावाचा उतार जितका मंद, तितका हा पट्टा रुंद आणि देवभात जास्त.

पहिल्या चांगल्या पावसानंतर दाणे रुजतात. श्रावणापर्यंत रोपं फुटवे धरतात आणि दिवस लहान होऊ लागले की पोटरीत येतात. बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात निसवायला, म्हणजे लोंबी बाहेर पडायला, सुरुवात होते आणि ऑक्टोबरभर दाणे पिकत व झडत राहतात. पाऊस लांबला, पाणी उशिरा भरलं तर चार-आठ दिवस मागेपुढे. म्हणून एक फेरी जुलैत मारा आणि जागा हेरून ठेवा. दुसरी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, लोंब्या बाहेर येतायत का ते बघायला. त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी.

लोंबी नसताना ओळख

जुलैत सगळीच गवतं सारखी दिसतात. पाखड आणि सावा-बर्टीच्या जातीची रानगवतं तर भाताच्या रोपात अशी मिसळून जातात की बेणणीला बसलेल्या जुन्या बायाही दोनदा बघतात. इथं एक खूण पक्की आहे. पान वाकवा आणि ते खोडाला जिथं मिठी मारतं तो सांधा आतल्या बाजूनं बघा. भातात, लावलेल्या असो की रानटी, तिथं पांढुरक्या पापुद्र्याची टोकदार जीभ असते आणि दोन्ही कडांना केसाळ, आकड्यासारखे दोन छोटे कान असतात. पाखडीत ना जीभ, ना कान, सांधा गुळगुळीत. ही खूण चार-पाच पानांच्या रोपातही दिसते.

एवढ्यानं ‘हे भात आहे’ इतकंच कळतं. घरचं की देवाचं हे या टप्प्यावर सांगणं अवघड आहे आणि जो छातीठोक सांगतो त्याच्यावर फार विसंबू नये. काही खुणा सुचवतात. देवभाताची जीभ बरीच लांब असते, फुटवे सरळ उभे न राहता बाहेरच्या बाजूला कलतात आणि बुंध्याला अनेकदा जांभळी झाक असते. पण जांभळा बुंधा काही गावठी वाणांनाही असतो.

आणखी दोन गवतं चकवतात. लिर्सिया नावाचं एक बारमाही गवत पाणथळ जागी दाट वाढतं. त्याची पानं बोटाला करवतीसारखी लागतात आणि दाण्याला कुसळ नसतं. दुसरं हायग्रोरायझा, पाण्यावर तरंगणारं, फुगीर देठाचं. त्याच्या दाण्याला कुसळ असलं तरी झाड पाण्यावर पसरतं, उभं राहत नाही.

लोंबी आल्यावर

आता काम सोपं. देवभाताच्या दाण्याला साधारण ४ ते १० सेंटिमीटर लांब, ताठ, खरखरीत कुसळ असतं, कोवळेपणी बहुधा तांबूस किंवा जांभळट. पिकताना साळ राखाडी ते काळी होते. आतला तांदूळ तांबडा असतो.

खात्री करायची तर फूल बघा. सकाळी ९ ते १२ च्या दरम्यान भाताची फुलं उघडतात आणि पुंकेसर बाहेर लोंबतात. बहुतेक गवतांना पुंकेसर तीन, भाताच्या घराण्यात सहा. भिंग घेऊन मोजा. (लिर्सियाही याच घराण्यातला, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका.) मग परागकोशाची लांबी बघा. देवभातात तो आखूड, अडीच मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी. याच्या बारमाही भावाला, म्हणजे ओरायझा रुफिपोगॉनला, तो चांगला लांब, ३ मिलिमीटरच्या वर आणि बऱ्याचदा ४-५ पर्यंत असतो. कारण सरळ आहे. देवभात बहुतांशी स्वतःचंच पराग वापरतो. रुफिपोगॉनला ते वाऱ्यावर सोडायचं असतं, म्हणून त्याची कोठारं मोठी.

भिंग नसेल तर जानेवारीत परत जा. पाणी आटल्यावर वाळून, मुळासकट मेलेलं दिसलं तर वर्षायू. पेरांना नवे कोंब आणि मुळं फुटलेली, चिखलाला धरून हिरवं राहिलेलं असेल तर रुफिपोगॉन. त्याला सहसा जास्त खोल आणि जास्त काळ टिकणारं पाणी लागतं. दोन्ही एकाच तलावात, वेगवेगळ्या खोलीवर सापडू शकतात. लोकभाषेत दोघांनाही देवभातच म्हणतात, आणि खाणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही.

शेवटची खूण खाली पडलेल्या दाण्यावर आहे. देवभाताचा दाणा आपणहून सुटतो, म्हणून त्याच्या बुडाशी गुळगुळीत, गोलसर वण असतो. झोडून काढलेल्या घरच्या भाताच्या बुडाला देठाचा फाटका तुकडा राहतो. जुन्या वस्त्यांच्या उत्खननात भात रानटी की पेरलेलं हे पुरातत्त्वज्ञ याच वणावरून ठरवतात. झडण्यामागचं कारण २००६ साली जनुकापर्यंत पोचलं. घरचा भात आणि देवभात यांचा संकर करून संशोधकांनी ‘एसएच४’ हे जनुक शोधलं. त्यातल्या एका अक्षराच्या बदलानं दाणा लोंबीला धरून राहू लागला. आपल्या ताटातल्या भाताचा मोठा इतिहास या एवढ्याशा बदलात आहे.

गोळा करण्याच्या तीन रीती

लोंबी शेंड्याकडून खाली पिकत येते. शेंड्याचे दाणे झडू लागतात तेव्हा बुडाचे अजून चिकात, म्हणजे कच्चे आणि दुधाळ, असतात. त्यामुळे एका दिवसात एका झाडाचं सगळं बी मिळणं अशक्य. ते गृहीत धरूनच रीत निवडा.

जुनी रीत गाठी मारण्याची. दाणे चिकात असताना पाण्यात उतरून आजूबाजूच्या चार-सहा झाडांच्या लोंब्या एकत्र घेऊन सैल गाठ मारायची, किंवा पात्यानं बांधायच्या. कुसळं एकमेकांत अडकतात. दाणा देठापासून सुटला तरी जुडग्यातच लटकून राहतो. आठ-दहा दिवसांनी जुडगं टोपलीवर धरून झटकायचं. मध्य भारतात ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात दुहेरी शहाणपण आहे. जुडगं बांधलं की त्यावर बांधणाऱ्याचा हक्क गावात मानला जातो आणि न बांधलेली झाडं पुढच्या वर्षासाठी आपोआप सुटतात.

दुसरी रीत टोपली आणि काठीची. पहाटे दव असताना एका हातानं टोपली लोंबीखाली सरकवायची, दुसऱ्या हातातल्या बारीक काठीनं लोंबी टोपलीवर वाकवून हलकं टोकायचं. दवानं दाणे उधळत नाहीत. ऊन चढलं की निम्मे पाण्यात जातात. दर तीन-चार दिवसांनी त्याच पट्ट्यात फेरी.

तिसरी बियाण्यासाठी. लोंबी निसवून फुलोरा संपला की तिच्यावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढवा आणि देठाशी सैल बांधा. प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, आत पाणी धरून बुरशी येते. तीन-साडेतीन आठवड्यांनी पिशवीसकट लोंबी कापा. मोजकं, पण पूर्ण भरलेलं आणि कोणत्या झाडाचं ते माहीत असलेलं बी मिळतं.

किती घ्यायचं? खायला घेत असाल तर पट्ट्याचा मोठा भाग हात न लावता सोडा. बदकं, पाणकोंबड्या, मुनिया यांचाही वाटा त्यात आहे आणि पुढच्या वर्षीची रोपंही. बियाणं म्हणून घेत असाल तर एका झाडाचं ओंजळभर घेण्यापेक्षा साठेक झाडांचं थोडं थोडं घ्या, आणि शक्य असेल तर दुसऱ्या, तिसऱ्या तळ्यावरही जा. स्वपरागी गवतात एका तळ्यातली झाडं एकमेकांसारखी असतात आणि खरा फरक तळ्यातळ्यांत असतो.

हा फरक किती मोलाचा असू शकतो ते १९७० च्या दशकात दिसलं. तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूनं आशियातली भातशेती खुरटवली, तेव्हा फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं सहा हजारांवर नमुने तपासले. टिकला फक्त एक: उत्तर प्रदेशातून गोळा केलेला देवभात. त्या नमुन्यातलीही मोजकीच रोपं प्रतिकारक निघाली. गुरदेव खुश यांच्या चमूनं ती प्रतिकारशक्ती घरच्या भातात आणली आणि १९७६ साली आयआर ३६ हा वाण आला. पुढच्या दशकात तो जगात एक कोटी हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर होता. 

खायला वापरायचा असेल तर

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून देवभात. छत्तीसगढात हलषष्ठीला, तिथल्या बोलीत कमरछठला, नांगरलेल्या जमिनीतलं वर्ज्य, म्हणून पसहर. दोन्ही सण देवभात पिकण्याच्या आधी येतात. म्हणजे या वर्षी ताटात येणारा दाणा गेल्या आश्विनातला असतो, जवळजवळ वर्षभर साठवलेला. वाळवण चांगली नसेल तर तो सणापर्यंत पोचत नाही.

आणल्याबरोबर गोणपाटावर पातळ पसरा आणि दोन-तीन उन्हं द्या. दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून तुटला पाहिजे. चेपला तर अजून ओला. मग कुसळं काढायची. जाड गोणपाटात थोडं थोडं घेऊन तळव्यांनी रगडा आणि सुपानं पाखडा. हे काम तोंडाला फडकं बांधून आणि अंगभर कपडे घालून करा. कुसळांचे बारीक तुकडे डोळ्यात आणि घशात जातात, अंगाला खाज सुटते. साळ काढू नका, तशीच डब्यात भरा, कडुलिंबाचा पाला घाला. सणाच्या आधी लागेल तेवढीच कांडा.

कांडताना जोर नको. दाणा बारीक आणि कडक, मुसळ दणकून पडलं की कणी होते. हलक्या हातानं, मधून मधून पाखडत. गिरणीत दिलं तर बहुधा भुसा आणि कणीच परत येईल. तांदूळ तासभर भिजवा, नेहमीपेक्षा जास्त पाणी घाला, मंद आचेवर शिजू द्या. तांबडा कोंडा शाबूत असल्यानं तो मऊ व्हायला वेळ घेतो आणि मोकळा राहतो.

विकत घेताना जमलं तर साळीसकट घ्या. काळपट साळ, कुसळाचा तुटका बुंधा आणि बुडाचा गुळगुळीत वण दिसला की खात्री. सोललेल्या तांबड्या तांदळावर ‘देवभात’ ही चिठ्ठी कोणीही लावू शकतो.

बी राखणं आणि कुंडीत रुजवणं

बियाण्याला कडक ऊन देऊ नका. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. भाताचं बी कोरडेपणा आणि थंडी दोन्ही सोसतं, जनुकपेढ्या ते उणे १८ ते २० अंशांवर ठेवतात. बाटलीत आत आणि बाहेर, दोन्हीकडे चिठ्ठी. फक्त बाहेरची शाई ओल्या फ्रिजमध्ये टिकत नाही.

ताजं बी पेरून बघणारे निराश होतात. झडलेला दाणा महिनोन्‌महिने झोपलेला असतो आणि ते त्याच्या हिताचं आहे: ऑक्टोबरातल्या अवकाळी सरीनं उगवला तर फेब्रुवारीत वाळून जाईल. तुम्ही जूनपर्यंत थांबणार असाल तर काहीच करायला नको. लवकर हवं असेल तर प्रयोगशाळेत बी ५० अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत पाच ते सात दिवस ठेवतात. घरी त्याहून सोपं म्हणजे नखानं किंवा चिमट्यानं साळ सोलणं. बुडाकडचा पांढरा ठिपका म्हणजे अंकुर, त्याला धक्का लावू नका. सोललेले दाणे ओल्या टिपकागदावर, झाकलेल्या ताटलीत, उबदार जागी ठेवा. कागद ओला हवा, दाणे पाण्यात बुडालेले नकोत.

तीन पानं आली की कुंडीत लावा. भोक नसलेली बादली, तळ्याची किंवा खाचराची चिकणमाती, आणि रोप बोटभर वाढलं की वर दोन-तीन इंच पाणी. गप्पी मासे सोडा, नाहीतर डासांची पैदास तुमच्याच गच्चीवर. पेरणी जूनमध्येच करा. हे लहान दिवसांचं झाड आहे, उन्हाळ्यात पेरून लोंबी लवकर येईल ही अपेक्षा ठेवू नका. आणि निसवलं की प्रत्येक लोंबीला पिशवी. गच्चीखाली भातशेती असेल तर हा प्रयोग करूच नका. त्यासाठी शहरातली गच्ची उत्तम.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी दोन शब्द. सणासाठी म्हणून मूठभर साळ सामानात टाकून नेऊ नका. अमेरिकेत ओरायझा रुफिपोगॉन संघीय घातक तणांच्या यादीत आहे, आणि विमानतळावर दोन भावांतला फरक समजावत बसायला कोणी वेळ देणार नाही. आपल्याकडेही जैवविविधता कायदा, २००२ नुसार असं जैविक साहित्य संशोधनासाठी देशाबाहेर द्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते.

खाचरात शिरला तर

आता दुसऱ्या बाजूनं. देवभात आणि घरचा भात यांचा संकर सहज होतो. त्या संकराची पिलावळ फार त्रासदायक: उंची आणि पान घरच्यासारखं, झडणं रानटी. पूर्व विदर्भ आणि छत्तीसगढच्या पट्ट्यात अशा मिश्र भाताला करगा म्हणतात. तो पिकाच्या आधी पिकतो, कापणीपूर्वी झडतो आणि दरवर्षी दुप्पट होऊन येतो.

तणनाशकाच्या दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. भाताला न मारता बाकीचं गवत मारणारी औषधं यालाही मारत नाहीत, कारण हा भातच आहे. इमॅझेथापर हे तणनाशक सहन करणारे भाताचे वाण आता आपल्याकडेही आले आहेत, पूसा बासमती १९७९ आणि १९८५ असे. पण जिथं बांधापलीकडे देवभात आहे तिथं माझा सल्ला सावध राहण्याचा. अमेरिकेत २००२ पासून अशा वाणांची लागवड सुरू झाली आणि काही वर्षांतच तो गुण तणभातात उतरला. मग हातातलं ते औषधही गेलं.

तेव्हा कष्टाचीच वाट. सुरुवात बियाण्यापासून. पेरायच्या बियाण्यातली दोन-तीन ओंजळी पांढऱ्या ताटात पसरा आणि काळपट साळीचे, कुसळाच्या बुंध्याचे, गुळगुळीत वणाचे दाणे शोधा. शंका आली तर काही दाणे सोला. पांढऱ्या तांदळाच्या वाणात तांबडा दाणा निघाला तर ते बियाणं खायला ठेवा, पेरायला नाही. मिठाच्या पाण्याची प्रक्रिया, १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, जरूर करा, पण ती पोचट दाणे वर काढते. भरलेला देवभात तळाशीच बसतो, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

दुसरी वाट मळणी-कापणीच्या यंत्राची. भाड्याचं हार्वेस्टर गावोगाव फिरतं आणि आधीच्या शेतातलं बी पोटात घेऊन येतं. शेतात उतरण्यापूर्वी चालकाला ते झाडायला लावा. तो कुरकुरेल. लावाच.

तिसरी वाट फार थोड्यांच्या लक्षात येते: गाळ. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत किंवा गावच्या पुढाकारानं तलाव उपसला जातो आणि तो सुपीक गाळ शेतात पसरतो. काठाचा वरचा गाळ म्हणजे नेमकी ती जागा, जिथं वर्षानुवर्षं देवभात झडला. असा गाळ भाताच्या खाचरात टाकू नका. तूर, भाजीपाला, फळबाग, माळाचं शेत यांना द्या. खाचरातच हवा असेल तर तलावाच्या मध्यातला, खोल थरातला मागा.

बी जमिनीत आलंच असेल तर त्याला फसवून उगवू द्या. वळवाच्या पावसानं किंवा पाणी देऊन जमीन ओली करा, दहा-पंधरा दिवस थांबा, हिरवी लव आली की नांगरून चिखलणी करा. जमलं तर आणखी एकदा. पावसाच्या भरवशावरच्या शेतात दोन फेऱ्या मिळतीलच असं नाही. एक मिळाली तरी मोठा फरक पडतो.

मग लावणी. आवत्या किंवा धूळवाफ पेरणीत, म्हणजे बी थेट शेतात टाकलं तर, करगा ओळखताच येत नाही, म्हणून तण असलेल्या खाचरात दोन-तीन वर्षं तरी रोपं लावूनच भात घ्या, आणि तीही दोरीवर, ओळीत. ओळीबाहेर उगवलेलं प्रत्येक भात परकं. पिकात पाच सेंटिमीटर पाणी टिकवून ठेवलं की नव्यानं उगवणारी रोपंही दबतात. छत्तीसगढात यावर आणखी नामी उपाय काढला: श्यामला नावाचा जांभळ्या पानांचा वाण. जांभळ्या शेतात हिरवं दिसलं की उपटा, पोरंही चुकणार नाहीत.

निसवताना शेवटची संधी. लवकर निसवणारी, कुसळाची, पिकाच्या वर डोकावणारी झाडं चिकात असतानाच मुळासकट काढा. गोणीत भरून शेताबाहेर न्या, गुरांना घाला किंवा जाळा. उपटून बांधावर फेकलेलं झाड पडल्या पडल्या दाणे भरतं आणि झाडतं. इथं आठवडा हुकला तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

काढणीनंतर हात आवरा. लगेच नांगर घातला की झडलेलं बी खोल जातं आणि तिथं काही वर्षं जिवंत राहतं. ते वर उघडं राहू द्या. पाखरं, उंदीर आणि मुंग्या हिवाळाभर बरंच काम फुकटात करतात.

तलावात मात्र राहू द्या

खाचरातून हाकलायचा असला तरी तलावाच्या काठावरून तो जाऊ नये, आणि तिथून तो झपाट्यानं जातोय. कारण मुख्यतः खोलीकरण. यंत्रानं उभे काठ कापले की पाणी जास्त साठतं, पण घोट्याएवढ्या पाण्याचा मंद उतार नाहीसा होतो आणि वर्षायू भाताला पाय टेकायला जागा उरत नाही. गावच्या तलावाचं काम निघालं तर निदान एका बाजूचा उतार तसाच ठेवा असं ग्रामसभेत मांडा, शक्यतो पाणी आत येतं त्या बाजूचा. बेशरमाची झुडपं उथळ काठ व्यापत असतील तर ती पाणी आटल्यावर, मुळासकट काढा. तोडून टाकलेला तुकडाही रुजतो. म्हशी चरल्यानं फारसं बिघडत नाही, फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या पट्ट्यात जनावरं कमी जातील असं बघा.

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही. तिच्यात देवभाताची जागा, स्थानिक नाव आणि कोण गोळा करतं ते लिहून घ्या.

नमुना द्यायचा असेल तर राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. भाताचे जाणकार कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि कर्जतच्या संशोधन केंद्रात, विदर्भात साकोली आणि सिंदेवाहीला भेटतात. आधी फोन करून विचारा, न कळवता बी पोस्टानं टाकू नका. बियाण्याच्या पाकिटासोबत मुळापासून लोंबीपर्यंतचं एक झाड वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं द्या, परागकोश दिसतील असं एक उघडं फूल असेल तर फारच छान. आणि कागदावर एवढं हवंच: गाव, तालुका, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची खोली, माती कसली, किती झाडांचं बी घेतलं, आणि सर्वांत जवळचं भाताचं खाचर किती पावलांवर आहे. हा शेवटचा आकडा बहुतेक लोक विसरतात, आणि नमुना शुद्ध देवभाताचा की संकराचा हे पडताळायला घेणारा आधी तोच विचारतो.